दुसरं वाचन

वाचकबाई : तो पंखा राहू द्या आता, तो काही आज ऐकायचा नाही. सरका जवळ, भाऊसाहेब. कान द्या इकडे. एक गोष्ट सांगते, सही-शिक्क्यानिशी खरी. एक होता अर्जदार आणि एक होतं सरकार.

टंकलेखक : बाई, सोळा वर्षं झाली, तुमच्या गोष्टीत तेच दोघं. कधीतरी एखादा राजा आणा.

वाचकबाई : राजे वरच्या मजल्यावर बसतात, काळा झगा घालून. त्यांचा शब्द आपल्यापर्यंत येतो तो कागदावर. मी वाचते, तुम्ही यंत्रावर बडवता. मग तुम्ही वाचता आणि मी मुळाशी ताडून बघते. एवढा आपला संसार.

टंकलेखक : संसार म्हणू नका हो. घरी कळलं तर डबा बंद होईल माझा. कुणाचा कागद आहे?

वाचकबाई : घड्याळजीचा. निकाल लागला आज.

टंकलेखक : आपल्या माईंचा मुलगा?

आई : मी इथंच आहे हो दादा, खिडकीशी. सगळं ऐकू येतं.

टंकलेखक : माई! जेवलात का काही?

आई : आज घास उतरतो का? मघाशी वर तीन वकिलांनी माझा हात हातात घेतला. एकजण म्हणाला, माई, तुमच्या पोरानं सरकारला वाकवलं. मला त्यातलं काय कळतंय? मी म्हटलं, बाबा, कागद दे. तर म्हणाला, नक्कल खाली मिळते. म्हणजे पुन्हा तुमच्याच दारात आले.

वाचकबाई : बरं केलंत. स्टूल ओढून घ्या आणि बसा.

आई : साडेपाचची गाडी आहे सीमेवरच्या चौकीला. ती गाठायची. आणि ताई, या खेपेला मी चुकायची नाही. मागचा कागद मी चौकीच्या दारावरच्या शिपायाच्या हातात दिला, तिथंच सगळं बिघडलं. त्यानं तो आत नीट पोचवला नसणार. पोचवला असता तर माझ्या पोराला त्यांनी पलीकडं नेलं असतं का? आज मोठ्या साहेबाच्या हातात देणार. उभी राहीन, पण त्याच्याच हातात देईन.

वाचकबाई : तुम्ही का चुकलात म्हणता, माई?

आई : मग कोण चुकलं? तुम्ही तर दोघांनी जिवाचं रान केलंत. पाचला दहा मिनिटं कमी होती, तुमचा इथला शिपाई कुलूप वाजवत उभा, मी इथं गजाला धरून रडतेय. आणि ताई, तुम्ही गात गात वाचलंत, दादांनी बडवलं, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात. पंधरा मिनिटं नाही लागली. देवमाणसं तुम्ही. आजही तसंच करा.

टंकलेखक : करू की. वाचा, बाई. सूर नको, मजकूर हवा.

वाचकबाई : लिहा. परिच्छेद पहिला. अर्जदार हा घड्याळ-दुरुस्तीचा व्यवसाय करतो, स्वल्पविराम, व त्याचे दुकान कारखान्याच्या फाटकासमोर आहे, पूर्णविराम. संध्याकाळच्या पाळीस कारखान्याचे घड्याळ बावीस मिनिटे मागे असते अशी कामगारांची तक्रार होती, पूर्णविराम.

टंकलेखक : बावीस मिनिटं! आणि मी इथून दोन मिनिटं आधी उठलो की साहेबांना भिंतीतून दिसतं.

आई : चोवीस, दादा. बावीस नाही. त्यानं तीन संध्याकाळी मोजून पाहिलं होतं.

वाचकबाई : असतील चोवीस, माई. पण मुळात बावीस आहे. आम्हाला अक्षर हलवता येत नाही. मुळात असेल ते उतरायचं, नसेल ते उतरायचं नाही. लिहा. अर्जदाराने दुकानाच्या काचेत एक मोठे घड्याळ लावले व त्याखाली ‘खरी वेळ’ अशी पाटी लावली, पूर्णविराम. ती पाहण्यास कामगार जमू लागले, पूर्णविराम.

आई : पाटी मी रंगवली होती. ‘वे’ची मात्रा जरा वाकडी गेली. त्याला म्हटलं, पुसून काढते. म्हणाला, राहू दे गं आई, वेळ सरळ आहे ना!

टंकलेखक : हुशार आहे तुमचा मुलगा.

आई : हुशार म्हणूनच नेला.

वाचकबाई : परिच्छेद दुसरा. या जमावामुळे सार्वजनिक शांततेस बाधा येते, स्वल्पविराम, असे मानून शासनाने आपल्या विशेष अधिकारात अर्जदारास ताब्यात घेतले व हद्दपारीचा हुकूम काढला, पूर्णविराम. अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेण्यात आले नाही, पूर्णविराम.

आई : एक शब्द नाही ऐकला. डोळ्याला लावायचं भिंगसुद्धा घेऊ दिलं नाही. हे बघा, पदराला बांधून हिंडते. भिंगाशिवाय त्याचा हात कसा चालणार? पलीकडच्या छावणीतून एक पत्र आलं, तेवढंच. त्यात लिहिलं होतं, इथं कुणाकडं घड्याळ नाही. त्यालाही चार महिने झाले.

वाचकबाई : परिच्छेद तिसरा. आता ऐका हं माई, हे तुमच्यासाठी आहे. राज्यघटनेने नागरिकास दिलेला अभिव्यक्तीचा हक्क केवळ भाषणापुरता नाही, पूर्णविराम. आपल्या दुकानाच्या काचेत खरी वेळ दाखवणे, स्वल्पविराम, हेही त्या हक्कात येते, पूर्णविराम.

टंकलेखक : आला. सूर आला.

वाचकबाई : येणारच! याला सूर नाही लावायचा तर कशाला लावायचा? ऐका. ज्याला शिक्षा करायची त्याचे म्हणणे आधी ऐकणे, स्वल्पविराम, ही शासनाने केलेली कृपा नव्हे, स्वल्पविराम, ते शासनावरील बंधन आहे, पूर्णविराम! न ऐकता हद्दपार करण्याचा अधिकार शासनास नव्हता व नाही, पूर्णविराम!

आई : पुन्हा म्हणा. ताई, पुन्हा म्हणा एकदा.

वाचकबाई : नव्हता व नाही.

आई : नव्हता व नाही. देवा रे. हे ऐकायला तो इथं हवा होता.

वाचकबाई : आमचे वडील गाऊन निरूपण करायचे, माई. माणसं लांबलांबून यायची. ते म्हणायचे, देव मोठमोठ्यानं बोलत नाही, एखाद्या साध्या माणसाच्या तोंडून एक सरळ वाक्य बोलून जातो. हे वाक्य तसलं आहे. आणि शेवटी ते हात जोडायचे. म्हणायचे, मंडळी, मला काही देऊ नका, फक्त ज्याची गोष्ट सांगितली त्याला विसरू नका.

टंकलेखक : बाई, पाचाला पाव तास आहे. परिच्छेद चौथा.

वाचकबाई : हो. परिच्छेद चौथा. या न्यायालयाच्या अंतरिम आदेशात दोन कलमे होती, पूर्णविराम. पहिले, स्वल्पविराम, शासनाने अर्जदाराच्या दुकानातील वस्तूंना हात लावू नये, स्वल्पविराम, पुढील आदेश होईपर्यंत. दुसरे, स्वल्पविराम...

टंकलेखक : दुसरे, स्वल्पविराम. पुढे?

वाचकबाई : थांबा. एक मिनिट.

टंकलेखक : बाई? पान चिकटलंय का?

वाचकबाई : माई, जरा खिडकी लोटून घेते हं. वाऱ्यानं कागद उडतात.

आई : लोटा, लोटा. मी आहे इथंच.

(खिडकी बंद होते. टंकयंत्र थांबलेलं असतं.)

टंकलेखक : वारा कुठाय? पंखा बंद आहे आपला.

वाचकबाई : दुसरे, स्वल्पविराम, शासनाने अर्जदारास राज्याच्या हद्दीबाहेर नेऊ नये, स्वल्पविराम, पुढील आदेश होईपर्यंत, पूर्णविराम. तथापि चौकीवर सादर झालेल्या प्रमाणित नकलेत हे दुसरे कलम नाही, पूर्णविराम.

टंकलेखक : काय?

वाचकबाई : लिहा, भाऊसाहेब. चौकीवरील अधिकाऱ्याने त्या नकलेवर विसंबून, स्वल्पविराम, प्रामाणिक समजुतीने, स्वल्पविराम, अर्जदारास हद्दपार केले, पूर्णविराम.

टंकलेखक : ती नक्कल आपली.

वाचकबाई : आपलीच. माझ्या तोंडची आणि तुमच्या हातची.

टंकलेखक : तुम्ही वाचलं नाहीत ते कलम. मी ऐकलेला शब्द कधी सोडत नाही.

वाचकबाई : नाहीच वाचलं. दोन्ही कलमांच्या शेवटी तेच शब्द आहेत ना, ‘पुढील आदेश होईपर्यंत’. मी सुरात होते. ती बाई गजाला धरून हुंदके देत होती, तिला जरा धीर यावा म्हणून गळा सोडला होता. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ म्हणून समेवर आले, मान वर करून तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा कागदावर नजर टाकली ती दुसऱ्या ‘पुढील आदेशा’वर. तिथून पुढे गेले. माणूस मध्येच राहिला.

टंकलेखक : दुसऱ्या वाचनाला सापडलं असतं.

वाचकबाई : दुसरं वाचन केलं कुठे आपण?

टंकलेखक : नाही केलं.

वाचकबाई : तुम्ही म्हणालात, बाई, शिपाई कुलूप वाजवतोय, तिची गाडी जाईल, मारा शिक्का. मी म्हटलं, मारा.

टंकलेखक : ‘वाचून ताडून पाहिले’ असं लिहून खाली सही केली मी. सोळा वर्षांत एकदा. दया आली म्हणून एकदा.

वाचकबाई : माझीही सही आहे.

टंकलेखक : पुढे काय आहे? आपल्याबद्दल काही?

वाचकबाई : आहे. नक्कल-विभागातील या चुकीची चौकशी निबंधकांनी करावी. एवढंच. नावं नाहीत.

टंकलेखक : नावं नाहीत. मग ऐका. चौकशी विभागाची आहे. विभाग म्हणजे मी, तुम्ही, मागची तीन टेबलं, बदलून गेलेला तो कारकून. कागद सहा महिने फिरेल आणि कपाटात जाईल. आपण बोललो नाही तर कुणी विचारणार नाही.

वाचकबाई : चौकशीचं नाही विचारलं मी तुम्हाला. बाहेर स्टुलावर बसली आहे तिचं काय?

टंकलेखक : तिला सांगून काय होणार आहे? तो परत येणार आहे? सबंध इमारतीत दोन माणसं आहेत ज्यांना ती देवमाणसं म्हणते. तेवढंही काढून घ्यायचं तिच्याकडून?

वाचकबाई : ती चूक स्वतःच्या पदराला बांधून हिंडतेय, भाऊसाहेब. शिपायाच्या हातात दिला म्हणते. तेव्हापासून हेच घोकतेय.

टंकलेखक : आधी निकाल संपवू. शेवटी काय दिलंय ते तर बघू. हुकूम रद्द झाला ना? मग परत आणायचा आदेश असेलच. तसं असेल तर मी स्वतः सांगतो तिला, कान धरून सांगतो.

वाचकबाई : परिच्छेद पाचवा. वरील कारणास्तव हद्दपारीचा हुकूम रद्द करण्यात येत आहे, पूर्णविराम.

टंकलेखक : बघा!

वाचकबाई : परंतु अर्जदार सांप्रत राज्याच्या हद्दीबाहेर आहे, पूर्णविराम. या न्यायालयाचा आदेश हद्दीपलीकडे चालत नाही, स्वल्पविराम, व परक्या शासनाशी व्यवहार करणे ही सर्वस्वी शासनाच्या अधिकारातील बाब आहे, पूर्णविराम. सबब अर्जदारास परत आणण्याचा आदेश देता येत नाही, पूर्णविराम. शासनाने यथावकाश विचार करावा, पूर्णविराम.

टंकलेखक : यथावकाश.

वाचकबाई : हा निकाल यापुढील सर्व प्रकरणांस लागू राहील, पूर्णविराम. संपलं.

टंकलेखक : म्हणजे यापुढे कुणालाही न ऐकता नेता येणार नाही. फक्त ज्याच्यामुळे हे ठरलं तो...

वाचकबाई : तो बाहेर. हद्दीच्या आत असता तर वाचला असता. आणि आत ठेवणारी ओळ माझ्या सुरात गेली.

टंकलेखक : ती ओळ आता कुठे घालता येणार नाही का? म्हणजे... आज...

वाचकबाई : कशात घालता? मुळात होतीच की ती. मूळ अगदी बरोबर आहे. सगळ्यांचं सगळं बरोबर आहे, भाऊसाहेब. न्यायाधीशांनी लिहिलं ते बरोबर, चौकीवाल्यानं वाचलं तसंच केलं, माईंनी धावत नेऊन पोचवलं. तुम्हीसुद्धा ऐकलं तसं बडवलंत.

टंकलेखक : असं एकटीनं घेऊ नका. शिक्का मीच मारला.

वाचकबाई : वाचा आता. दुसरं वाचन.

टंकलेखक : पाचाला पाच कमी आहेत. तीन प्रतींची मिळून नऊ पानं आहेत. तिची गाडी जाईल.

वाचकबाई : जाऊ दे. वाचा. अक्षर न् अक्षर. शिपाई कुलूप घेऊन आला तर त्याला सांगा, बाईंनी कोंडून घेतलंय.

टंकलेखक : ठीक. वाचतो. सूर नाही लावत.

वाचकबाई : नकोच.

टंकलेखक : ...शासनाने यथावकाश विचार करावा, पूर्णविराम. हा निकाल यापुढील सर्व प्रकरणांस लागू राहील, पूर्णविराम. झालं. कुठे काही?

वाचकबाई : काही नाही. शुद्ध आहे.

टंकलेखक : द्या, सही मी आधी करतो. आणि बाई... खिडकी उघडा. मी आहे शेजारी.

वाचकबाई : माई.

आई : झाली का हो? आज फार वेळ लागला. गाडी गेली माझी. काही नाही, पहाटेची आहे, त्या बाकावर पडून राहीन. द्या.

वाचकबाई : द्यायच्या आधी एक ऐकायचं. मागच्या कागदात दोन गोष्टी होत्या. एक, दुकानाला हात लावू नका. दुसरी, तुमच्या मुलाला हद्दीबाहेर नेऊ नका. तुमच्या हातात दिला त्यात दुसरी नव्हती. मी वाचायची विसरले, माई. आम्ही पुन्हा तपासलंही नाही. शिपायानं कागद नीट पोचवला होता. तुमचं काही चुकलं नव्हतं.

टंकलेखक : माई, शिक्का माझा होता.

आई : तो साहेब म्हणाला होता मला. बाहेर येऊन, हातातला कुठलासा कागद बघत म्हणाला, म्हातारे, जा, दुकानाला तुझ्या कुणी हात लावत नाही. मला वाटलं, थट्टा करतोय. मनातल्या मनात किती शिव्या घातल्या मी त्याला. तो तर माझाच कागद वाचत होता.

वाचकबाई : हो.

आई : त्या दिवशी तुम्ही गात होतात. मी रडायची थांबले होते ते ऐकून. वाटलं होतं, एवढं गोड वाचतायत त्या अर्थी सगळं भलंच असणार.

वाचकबाई : मला काय हवं ते बोला, माई. शिव्या द्या. वर साहेब आहेत, त्यांच्याकडं आमच्या नावानं लिहून द्या. भाऊसाहेब लिहून देतील.

टंकलेखक : मी देतो लिहून. खरंच देतो.

आई : तुमच्या नावानं लिहून मी काय करू? तुमच्या नावाचा माणूस मला नकोय. आज तरी पुरतं आहे ना यात?

वाचकबाई : पुरतं आहे. दोनदा वाचलंय.

आई : त्याला आणा असं आहे ना?

वाचकबाई : नाही.

आई : तो वकील तर म्हणाला, वाकवलं.

टंकलेखक : वाकवलं, माई. त्याला नेलं ते चूक होतं असं लिहिलंय. पण आणा असं नाही लिहिता आलं त्यांना. सरकारनं विचार करावा, एवढंच म्हटलंय.

आई : कधी करायचा विचार?

टंकलेखक : सवड मिळेल तेव्हा.

आई : मग हा कागद चौकीवर दाखवून उपयोग काय?

वाचकबाई : तिथं नाही काही उपयोग.

आई : कुठं आहे उपयोग, ताई? कुठं तरी असेल ना? एवढा मोठा शिक्का आहे त्यावर.

टंकलेखक : यापुढे कुणाला असं उचलून न्यायला आले तर तो हा कागद दाखवील. नेता येणार नाही त्याला. आतापासूनच सगळे याला घड्याळजीचा निकाल म्हणायला लागलेत. दुसऱ्या कुणाचा निकाल लिहिताना न्यायाधीश त्यात तुमच्या मुलाचं नाव घालतील.

आई : आणि तो निकाल इथंच येईल? या खोलीत?

वाचकबाई : इथंच. मीच वाचेन.

आई : म्हणजे दुसऱ्या कुणाची आई इथं उभी असेल आणि तुम्ही माझ्या पोराचं नाव वाचाल.

वाचकबाई : हो, माई.

आई : द्या तो कागद. आणि हे भिंग ठेवा तुमच्याकडं. नाही म्हणू नका. माझ्याजवळ राहून ते मला नुसतं पदराच्या गाठीकडं बघत बसायला लावतं. तुमच्या टेबलावर असू द्या. बारीक अक्षर असलं की लावा डोळ्याला. त्याचंच आहे, घासून घासून एका कडेला पांढरं झालंय, तिथून नका बघू.

वाचकबाई : मी कशी घेऊ हे?

आई : घ्या. गोष्टीच्या शेवटी मागतात ना काहीतरी, तुमचे वडील मागायचे तसं? आज मी मागते. रोज सकाळी दुकान उघडलं की तो आधी काचेतल्या घड्याळाची वेळ लावायचा, मग पाण्याचा घोट घ्यायचा. आधी वेळ, मग पाणी. एवढं ध्यानात ठेवा त्याचं. आणि त्याचं नाव कागदात आलं ना, ताई, की घाईनं पुढं जाऊ नका. तिथं जराशा थांबत जा.